नवऱ्यांच्या बदली

रविवारी सकाळी आभा तळोज्याजवळच्या एका गावात, शाळेच्या ओट्यावर सुया, कापूस आणि बर्फाची पेटी मांडून बसली होती. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांचं रक्त तिला मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायचं होतं. पेशींतला डीएनए किती तुटलाय, ते तिथे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. विडी न ओढणाऱ्या पुरेशा कामगारांमध्येही ते दिसलं, की 'कामगारांचे आजार विडीचे' हे कंपनीचं म्हणणं टिकणार नव्हतं. तिचे वडील कमलाकर त्याच कारखान्यात होते. मागच्या वर्षी मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले. विडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

ऊन ओट्यावर आलं तरी पुरुष एकही नाही. आल्या त्या बायका, पुढे मालू.

"आमच्यांनी धाडलंय, ताय. रगत दिलं तर कंपनी घरी बसवील, बोलतात. चूल एक, भात एक, मग रगत पन एकच ना? माजं घ्या."

"नवऱ्याच्या बदली ड्यूटी!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

आभालाही हसू आलं. "वहिनी, तसं चालत नाही हो," म्हणत तिने मालूचा हात मागे सारला आणि सारता सारता थांबली. नखांच्या कडा पिवळ्या होत्या.

"हळद?"

"नाय गो, यांचे कामावरचे कपडे. घासून घासून जात नाय."

आभाच्या आईची बोटंही अशीच असायची. बाबांचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची, बाकीच्यांना डाग लागू नयेत म्हणून.

"बसा," आभा म्हणाली. "पण त्यांच्या बदली नाही, तुमचं म्हणून घेते. तो रंग तुमच्याही अंगात गेला असेल."

मालूचं हसू मावळलं. तिने बांगड्या वर सारल्या.

रंग बायकांच्याही अंगात गेला असेल, ही बातमी देवळाच्या कट्ट्यावर पत्ते खेळणाऱ्या नवऱ्यांपर्यंत पोचली. मालूचा नवरा बुधाजी तरातरा आला.

"हिला काय झालंय?"

"तेच बघायचंय, दादा."

"आनी मी दिलं तर कंपनीला कळंल?"

"नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. एकट्याचं पुढे काय होईल, ते यातून सांगता येत नाही. सगळ्यांचं मिळून मात्र रंगाने काय केलंय, ते सांगता येतं."

कोपराला कापूस दाबून बसलेल्या बायकोकडे बुधाजीने पाहिलं आणि शेजारी बसला.

"घे. उद्यापासून माजे कपडे मीच धुवीन."

"घरी कुणीच धुवायचे नाहीत," त्याच्या दंडाला पट्टा आवळत आभा म्हणाली. "ते कंपनीने धुवायचे. आणि ते आपण मागून घेऊ."