कापून टाकलेली शांतता

मी एक जुना हेडफोन आहे, आणि मित्रांनो, मी संतापलेलो आहे. काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तूने गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर पुढच्या पेटीकडे जा.

कोरियाच्या पश्चिमेच्या समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, टेहळणी केंद्राच्या ऐकण्याच्या खोलीत मी बावीस वर्षं काम केलं. समुद्रात न दिसणारी एक हद्द आहे. तिच्या पलीकडचे लोक तोफा लावून बसलेले असत, आणि त्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकणं हे आमचं काम होतं. मी चे बुन-ही या बाईंच्या कानांवर असे. माझी कानावरची गादी फाटली तेव्हा त्यांनी जुन्या मोज्याचं कापड शिवून मला नवी गादी केली. तीच अजून अंगावर आहे.

पलीकडच्या तोफखान्याचा एक माणूस रोज आकडे वाचायचा. शाळेत हजेरी घ्यावी तसा वाचायचा, म्हणून बाई त्याला ‘मास्तर’ म्हणत. सरावाचा हुकूम असो की खरा, आकडे तेच असत. पण सरावाचे आकडे मास्तर पुस्तकातून वाचत. आधी पान उलटल्याची सळसळ येई आणि मग आकडे सलग येत. खरा हुकूम आला तर तो त्यांना फोनवर कुणीतरी सांगणार, ते लिहून घेणार आणि मग वाचणार, म्हणजे आकड्या-आकड्याला थांबणार. हे कुठल्याही नियमावलीत नव्हतं. ते बाईंच्या कानात होतं, आणि थोडंफार माझ्यात.

पेंग चिल-बोक नावाचे मासेमारी होडीचे तांडेल दर वसंतात सोया सॉसमध्ये मुरवलेल्या पहिल्या खेकड्यांचं भांडं आमच्या फाटकावर ठेवून जात. बाई मला गळ्यात अडकवून भाताबरोबर ते खात. माझ्या वायरीला अजून त्या सॉसचा वास येतो.

मग राजधानीतून नवी यंत्रणा आली. खोटं का बोलू, ती हुशार होती. पन्नास ठिकाणचं बोलणं एकाच वेळी टिपायची, त्याचा मजकूर करायची, कधी पेंगायची नाही. पण शांतता आणि खरखर ती कचरा समजून कापायची. सात तासांचं ऐकणं चाळीस मिनिटांवर आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र मला कानांवर लावून थेटच ऐकत राहिल्या.

बाईंची एकदा चूक झाली, तीही सांगतो. एका शरदात पानाची सळसळ आली नाही म्हणून त्यांनी होड्या माघारी बोलावल्या आणि काहीच घडलं नाही. मास्तरांनी पान आधीच उलटून ठेवलं असावं. त्या दिवशी पेंग तांडेल फाटकाशी येऊन ओरडले, “बाई, कानातला मळ काढा! आमचे खेकडे तुमच्या नावानं हसत पळाले!” पुढच्या वसंतात भांडं मात्र आलंच.

आणि मग मे महिन्यातली ती सकाळ. होड्या हद्दीजवळ जाळी ओढत होत्या. मास्तरांचा आवाज आला. सळसळ नाही. एक आकडा, मग थांबणं. पेन्सिलीची खरखर. दुसरा आकडा, पुन्हा थांबणं. बाईंच्या कानामागची शीर माझ्या गादीखाली ताडताड उडायला लागली.

त्या विभागप्रमुखांकडे वळल्या. नाम दो-ग्यून त्यांचं नाव, बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान.

“साहेब, होड्या परत बोलवा. हा सराव नाही.”

“यंत्र सराव म्हणतंय, चे बाई. तेच आकडे, तोच क्रम. बघा ना.”

“आकडे नका बघू हो! तो थांबतोय. कुणीतरी सांगतंय आणि तो लिहून घेतोय!”

“‘थांबतोय’ असा रकाना आहे का फॉर्ममध्ये? वर काय कळवू? बाईंना शांतता ऐकू आली?”

शेजारचे दोघे फिसकन हसले.

“काय वाट्टेल ते कळवा, पण पेंगची होडी सगळ्यात पुढे आहे!”

“गेल्या वेळीही तुम्ही असंच म्हणाला होता. अर्धा तास बघू.”

अर्धा तास लागलाच नाही. विसाव्या मिनिटाला खिडकीच्या काचा थरथरल्या. तोफांचा तो आवाज ऐकायला माझी गरज नव्हती. होडीवरचे दोघे पोहून वाचले. पेंग तांडेल सापडले नाहीत.

चौकशी झाली. ध्वनिमुद्रण मागवलं गेलं. मूळ मुद्रण जागा वाचवण्यासाठी तीन दिवसांनी पुसलं जात असे, त्यामुळे उरलं होतं ते कापलेलं. त्यात मास्तर घडाघडा वाचत होते.

“कुठे थांबतोय हा?” चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं. “मला तर सलग ऐकू येतंय.”

कागदावर लिहिलं गेलं की ऐकणाऱ्या कर्मचाऱ्याचा दावा सिद्ध होत नाही. त्या थांबण्याचे साक्षीदार जगात दोनच, एक बाई आणि एक मी. मला कुणी विचारलं नाही. नाम साहेबांना बढती मिळाली. बाईंनी त्याच वर्षी नोकरी सोडली.

मला इथे, तुमच्या प्रशिक्षण केंद्राच्या संग्रहालयात, आणून ठेवलं आणि खाली पाटी लावली, ‘जुने उपकरण’. शेजारी तुमच्यासाठी एक बटण आहे. ते दाबलं की त्या सकाळचे मास्तर ऐकू येतात.

बाई एकदाच आल्या. बटण दाबलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि काचेवर हात आपटून म्हणाल्या, “मेल्यांनो, इथेही कापलंतच!”

मित्रांनो, यंत्रावर माझा राग नाही. मीही यंत्रच आहे. राग आहे तो काय कचरा आणि काय नाही हे न ऐकताच ठरवणाऱ्यांवर. उद्या तुम्ही अशा खोल्यांमध्ये बसाल. कापण्याआधी एकदा पुरतं ऐका, आणि ऐकणारं माणूस कळवळून सांगत असेल तर रकाना शोधत बसू नका.

आता बटण दाबा. आकडे सलग येतील. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्याच्या मधे मास्तर थांबले होते, तेव्हा पेंग तांडेल जिवंत होते आणि होडी वळवायला पुरेसा वेळ होता.