पट्ट्यांचा फळा आणि ताईची वेणी

मी एक जुना पट्ट्यांचा फळा आहे. चार फूट लांब, अडीच फूट उंच, अंगावर बेचाळीस उभ्या खाचा. सिनेमा शिकवणाऱ्या एका शाळेच्या तयारीच्या खोलीत मी भिंतीवर असतो. मित्रांनो, पडद्यावर माझं नाव येत नाही. पण इथल्या मुलांचे एकशे अकरा लघुपट आधी माझ्यावर मांडले गेले आणि मगच कॅमेऱ्यात गेले!

शाळेच्या सुताराने मला घडवलं. पट्टी सैल बसू नये आणि अडकूही नये, म्हणून त्याने प्रत्येक खाच तीनतीनदा घासली. एक पट्टी म्हणजे एक प्रसंग: जागा कोणती, माणसं कोण, वेळ किती. गोष्टीत आधी काय, नंतर काय, तो क्रम इथे चालत नाही. एका जागेचे सगळे प्रसंग सलग उरकायचे, म्हणजे सामान पुन्हा हलवावं लागत नाही.

पुढे वेळापत्रकं फोनमध्ये गेली आणि माझ्या खिळ्याला छत्र्या लटकू लागल्या.

एका बुधवारी शेवटच्या वर्षाची एक दिग्दर्शिका आली. घरी-दारी तिला सगळे छोटी म्हणत. तिच्या लघुपटात मुख्य काम तिच्या सख्ख्या ताईचं होतं, आणि ताई शनिवारी नोकरीसाठी परगावी निघणार होती. चित्रीकरणाला हाती एकच दिवस, शुक्रवार. तो फसला तर छोटीचं वर्ष बुडालं.

कॅमेरावाल्या मित्राने फोन पुढे केला. "सकाळी स्वयंपाकघर, दुपारी जिना, मग गच्ची. काम फत्ते!"

"फळ्यावर लावा, मग मिरवा," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

छत्र्या उतरल्या. फोनवर एका वेळी चारच प्रसंग दिसत. माझ्यावर अकराच्या अकरा उभे राहिले. लघुपटातले कपडे घालून बघायला आलेली ताई माझ्यासमोर थबकली.

"छोटे, स्वयंपाकघरात मी वेणी कापते ना गं?"

"हो, खरीखुरी. कबूल केलंयस, आता मागे फिरू नकोस हं."

"फिरतेय कुठे! पण ती कापणार सकाळी, आणि दुपारी हीच वेणी खांद्यावर टाकून मी जिना उतरणार. डिंकाने चिकटवतेस का?"

"केसांचा टोप घालू की," कॅमेरावाला पुटपुटला.

"आधी तू घाल, बघू कसा दिसतोस!"

सगळे हसले. छोटी मात्र पांढरीफटक पडली होती. तिने वेणीची पट्टी उचलून दिवसाच्या शेवटी लावली. पण त्यासाठी दिवे पुन्हा गच्चीवरून खाली आणायचे, म्हणजे चाळीस मिनिटं, आणि तेवढा वेळ उरत नव्हता. मग तिने गच्चीवरचा आपला सर्वांत लाडका प्रसंग खाचेतून काढला, क्षणभर हातात धरला आणि खिशात घातला.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी वेणी कापली गेली. एकदाच, आणि कॅमेऱ्यासमोर. शनिवारी ताई आखूड केसांनी गाडीत बसली. छोटीने दहाही पट्ट्यांवर बरोबरची खूण केली, तेव्हा माझी छाती फुगली.

मित्रांनो, माझ्या खाचा पुसत जा आणि मला सर्वांना दिसेल असं ठेवा. वेणी वाढायला पाच वर्षं लागतात, पट्टी सरकवायला एक बोट पुरतं. चुका हव्या तितक्या करा, पण आधी माझ्या अंगावर करा.