साखर कमी पडली

घड्याळजींना सगळी गल्ली गोडघाशे म्हणायची, तेही अगदी आडनाव असल्यासारखं, मानाने. "गोडघाशे आहेत का घरात?" असं विचारत माणसं बंद पडलेली घड्याळं घेऊन यायची. गिऱ्हाईक शहाणं असलं तर सोबत केकचा एखादा तुकडाही असायचा, आणि मग घड्याळ दोन दिवस आधी चालायला लागायचं.

त्यांच्या बायकोची गल्लीच्या तोंडाशी लाँड्री. लाँड्रीवाल्या काकू म्हणजे मोठं प्रकरण. लोक तापल्या इस्त्रीला भीत नसत एवढे त्यांच्या जिभेला भ्यायचे. कुणी डाग दाखवत भांडायला आलं की काकू सदरा उजेडाला धरायच्या. "माझ्या साबणाला बोल लावायचा नाही. हे बघा, सूतच गेलंय. विरलेल्या कापडाला धुणारी काय करणार?" चाळीस वर्षांत एकानेही उलट उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नाही.

असा गोडघाशा नवरा, आणि काकूंनी मात्र गोडाला कधी तोंड लावलं नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरी खाणारी तोंडं फार आणि भांड्यातलं गोड थोडं. वाढता वाढता सासूचा हात नव्या सुनेपाशी येऊन थबकला. भांडं खरवडून आपल्याला वाढावं लागतंय हे बघण्याआधीच सुनेने मान ताठ केली, "मला गोड आवडत नाही." झालं. बोलल्या त्या बोलल्या. पुढे घर भरलं, मुलगा कमावता झाला, सून आली, पातेली उरू लागली, पण काकूंचा शब्द काही खाली आला नाही. स्वतः करायच्या, आणि न चाखता नवऱ्यापुढे ठेवून त्याच्या तोंडाकडे बघायच्या. घड्याळजींचे डोळे मिटले की जमलं, उघडे राहिले की बिघडलं. दुसरं माप त्यांना कधी लागलंच नाही.

गेल्या साली घड्याळजींच्या घशात गाठ निघाली. दवाखान्यात मशीनखाली विजेचे शेक दिले. गाठ गेली, आणि सहा महिन्यांत पुन्हा आली. डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली आणि काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "आता पथ्यपाणी नको. त्यांना आवडतं ते खाऊ द्या."

काकू जेमतेम दोन इयत्ता शिकलेल्या. पण हे वाक्य त्यांना बरोबर वाचता आलं.

घरी येऊन त्यांनी पहिलं काय केलं असेल तर दूध चुलीवर चढवलं. कस्टर्ड केलं, पुढे ठेवलं. घड्याळजींचे डोळे उघडेच.

"साखर कमी पडली का गं?"

दुसऱ्या दिवशी साखर वाढवली, तिसऱ्या दिवशी आणखी वाढवली. सून म्हणाली, "आई, चमचा उभा राहील आता ह्यात." डोळे तरी उघडेच. शेवटी घड्याळजीच म्हणाले, "हल्ली दूधच चांगलं येत नाही. बाहेर बघूया का कुठे?"

म्हणून दोघं रोज दुपारी बाहेर पडू लागले. चांगलं गोड कुठे मिळतं, ते शोधायला. घड्याळजी इस्त्रीचा सदरा घालायचे. कॉलर गळ्याभोवती दोन बोटं सैल झाली होती. काकूंनी बटण आत घेऊन लावून दिलं होतं. चौकातल्या हॉटेलात गेले, तिथलं पुडिंग पांचट. बेकरीला लागून काचेचं दुकान होतं, तिथला केक म्हणजे ओला कापूस. बाजारातल्या हॉटेलात आइस्क्रीम नुसतं गार. दवाखान्यासमोरच्या खानावळीत जेलीला रंग होता, बाकी काही नव्हतं. दर वेळी घड्याळजी चमचा खाली ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "साखरच नाही." दर वेळी काकू पदर खोचून गल्ल्यापाशी जायच्या.

"साखर काय तिजोरीत ठेवता की काय?"

"मावशी, दिवसभर लोक हेच खातायत—"

"लोक काय, पुढे ठेवाल ते गिळतात. ज्याला जीभ आहे असा माणूस आज आलाय तुमच्याकडे, त्याला विचारा!"

चार हॉटेलवाल्यांना त्यांनी चारचौघांत असं सोललं. घड्याळजी दाराशी भिंतीला टेकून दम खात उभे असायचे.

पाचवं हॉटेल चढावर होतं. लहानसं, चार टेबलं, आणि मधल्या भिंतीला खिडकी, तिच्यातून ताटल्या बाहेर यायच्या. घड्याळजी तीनदा थांबत वर पोचले. जळक्या साखरेचं कस्टर्ड मागवलं. ते आलं, हललं, चकाकलं. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं. काकू बघत होत्या. डोळे उघडे.

"साखर—"

"कळलं," म्हणत काकू उठल्या त्या थेट खिडकीशी जाऊन आत बघत गरजल्या, "कोण करतं हे?"

आतून एक किडकिडीत बाई आली. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम. "मी करते."

"दवाखान्यातलं पाणी ह्याहून गोड असतं, पोरी!"

ती बाई चिडली नाही. तिने मागच्या ट्रेमधून चमचा भरला आणि म्हणाली, "खाऊन सांगा, मावशी."

"मी गोड खात नाही."

"मग बोलूही नका," ती म्हणाली, आणि चमचा तसाच धरून उभी राहिली.

काकूंना असं कुणी बोललं नव्हतं. रागाच्या भरात त्यांनी चमचा हिसकला आणि तोंडात घातला.

आधी थंड दूध लागलं. मग त्याच्या मागून साखर आली, करपायच्या जरा अलीकडची, किंचित कडवट, आणि मग ती सगळीकडे पसरली, गालांत, टाळूला, थेट कानांपर्यंत. काकूंना तोंड मिटता येईना. पन्नास वर्षांनी त्या जिभेवर गोड पडलं होतं.

"कमी आहे का हो साखर?" त्या बाईने विचारलं.

काकूंनी वळून टेबलाकडे पाहिलं. घड्याळजी वाटीतलं कस्टर्ड चमच्याने हलवत बसले होते, घड्याळ उघडल्यावर कुठे काय अडलंय ते शोधायचे तसे.

"नाही," काकू म्हणाल्या. "त्यांच्या घशाला विजेचे शेक दिलेत. चव त्यातच गेली असणार."

चमचा परत घेताना तिने काकूंचा हात क्षणभर धरून ठेवला.

सूतच गेलंय, काकूंच्या मनात आलं. आणि आपण आठवडाभर साबणाला शिव्या घालत फिरलो.

त्या येऊन समोर बसल्या.

"काय म्हणाली?" घड्याळजींनी विचारलं.

"साखर कमी पडली म्हणाली."

"म्हटलं ना मी!" त्यांचा चेहरा उजळला. "उद्या पुलापलीकडे जाऊ. तिथे म्हणे पुडिंग चांगलं—" आणि ते थांबले. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू बघितलेली नजर. "ओठाला काय लागलंय तुझ्या?"

काकूंनी पदराने तोंड पुसलं. उशीर झाला होता.

"तू खाल्लंस?"

"हो."

"कसं होतं?"

काकूंना दुसऱ्यांदा खोटं बोलता येईना. "गोड होतं," त्या म्हणाल्या. "फार गोड होतं हो."

घड्याळजींनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे बंद मीच पडलोय."

"होईल दुरुस्त."

"ह्याचे पार्ट मिळत नाहीत गं आता."

काकूंनी मान फिरवली. त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्यांना ते तसंच ठेवायचं होतं. टेबलावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. घड्याळजींनी वाटी त्यांच्याकडे सरकवली होती.

"खा."

"मला गोड आवडत नाही."

"ऐकलंय. लग्नापासून ऐकतोय, आणि पहिल्या दिवसापासून खोटं आहे हेही ठाऊक आहे. मीच नालायक, तुझी वाटी खात राहिलो. खा आता."

काकूंनी एक चमचा खाल्ला. मग दुसरा. घड्याळजी पुढे वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिसऱ्या चमच्याला काकूंचे डोळे आपोआप मिटले.

"जमलंय!" घड्याळजींनी खिडकीकडे तोंड करून हाक दिली. आवाज घशातून धड निघाला नाही, तरी आतल्या बाईला तो पोचला.

उतारावरून येताना त्यांनी काकूंचा दंड धरला होता. "त्या चौघांचं काय? फुकट सोललंस बिचाऱ्यांना."

"एकेकाकडे जाऊ. मी खाऊन बघते, तुम्ही माझ्याकडे बघा. वाईट निघालं तर पुन्हा सोलीन."

"आणि चांगलं निघालं तर?"

"तर माफी मागीन," काकू म्हणाल्या. "तुम्ही मात्र तेव्हा दुसरीकडे तोंड करा."

घरी आल्यावर घड्याळजी पडल्या पडल्या झोपले. काकूंनी उद्याचा सदरा इस्त्रीला घेतला. मग इस्त्री उभी करून ठेवली, सुई ओवली, आणि कॉलरचं बटण आणखी एक बोट आत लावलं.