लाल पुंजका

जपानहून परत आलेला कापूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. इथून गठाणीच्या गठाणी जातात आणि एकदा जहाजात चढल्या की आपला त्यांच्याशी संबंध संपतो, असंच मी समजत होते. फेब्रुवारीत कुरिअरनं एक छोटी पारदर्शक पिशवी आली. आत बोटाच्या पेराएवढा कापसाचा पुंजका होता, तांबडा-तपकिरी. सोबतच्या पत्रात अतिशय नम्र इंग्रजीत विचारलं होतं, की हे रक्त आहे का?

नम्र माणसांची मला धास्ती वाटते. आरडाओरडा करणारं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी विसरून जातं, हे लोक विसरत नाहीत.

मी शहरात, गारखेड्यात राहते आणि सेंद्रिय कापूस परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीसाठी वेरूळच्या रस्त्यावरची काही गावं सांभाळते. त्यातल्या एका गावात बायकांचा शेतकरी गट आहे. त्यांच्या कापसाची तिकडं तान्ह्या बाळांची दुपटी होतात, त्यामुळं नियम फार. वेचताना डोक्याला पांढरी सुती टोपी हवी, कापूस भरायला झोळीही सुतीच हवी. रानात प्लास्टिकचं पोतं चालत नाही, तंबाखू चालत नाही, आणि रसायन तर औषधालाही चालत नाही. हे सगळं मीच त्यांच्या डोक्यात बसवलं. टोप्या आणल्या तेव्हा मॅडमनी आम्हाला नर्सबाई केलं म्हणून त्यांनी हंगामभर माझी टिंगल केली होती.

गटाच्या अध्यक्ष मनकर्णाबाई. साठी उलटलेली, घरची जमीन बऱ्यापैकी, मुलगा बद्रीनाथ शहरात नोकरीला, त्यामुळं शेतीचा कारभार यांच्याच हाती. नियमांच्या बाबतीत त्या माझ्यावर ताण. सख्ख्या जावेला त्यांनी एकदा प्लास्टिकची चप्पल बांधावर काढून ठेवायला लावली होती.

कापूस वेचायला येते लीलाबाईंची टोळी. या सगळ्या भीमनगरातल्या, स्वतःची जमीन नसलेल्या बायका. पूर्वी दिवाळी झाली की त्या पोराबाळांसकट ऊस तोडायला परमुलखात जायच्या. हा कापूस सुरू झाला आणि त्या हिवाळाभर गावात राहू लागल्या. लीलाबाईंची नात विशाखा त्यामुळंच सलग शाळेत बसली आणि यंदा दहावीपर्यंत पोचली. म्हणून तर टोपी नीट बसली आहे ना, हे लीलाबाई दर थोड्या वेळानं चाचपून बघायच्या.

गठाणीच्या क्रमांकावरून गाव कळलं होतं आणि कंपनीनं माझ्या नावानं फर्मान काढलं. कारण शोधा, ज्याची चूक असेल त्याला बाजूला करा आणि तसं कळवा, नाहीतर पुढच्या हंगामाला या गावाचा कापूस नको.

मार्चमध्ये गटाच्या शेडमध्ये बैठक भरली, लीलाबाईंच्या टोळीलाही बोलावलं होतं. पत्रे तापलेले, पंखा नावाला फिरणारा. पोह्यांच्या ताटल्या आल्या, त्यांत लिंबाच्या फोडी. मी पत्राचा मजकूर सांगितला आणि पिशवी फिरवायला दिली. दोष कुणावर टाकायचा याला फारसा विचार लागला नाही. गटाची सचिव सरिता म्हणाली की वाळलेल्या बोंडाची टोकं बोचतात, वेचणारणींची बोटं फुटतात, हे त्यांचंच रक्त. ही टोळी बंद करून दुसरीकडून बायका आणाव्यात. दोघीतिघींनी माना डोलावल्या. एकीला तर टोळीतल्या बायका कामात कशा हलगर्जी करतात हेही नेमकं तेव्हाच आठवलं.

मी म्हटलं, नुसतं बघून रक्त ओळखता येत नसतं. त्यावर सरिता म्हणाली, मग त्यांचे हात तरी बघा.

मी काही बोलायच्या आत दाराशी बसलेल्या लीलाबाई उठल्या. टेबलाजवळ आल्या आणि दोन्ही पंजे उताणे करून त्यावर ठेवले. मागोमाग त्यांच्या टोळीतल्या बायकांनीही ठेवले. बोटांच्या टोकांना बारीक काळे व्रण होते, नखांच्या कडा चिरलेल्या होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तुझेही हात ठेव, असं मी सरिताला सुनावलं. तिनं ते पदराखाली घेतले.

 पिशवी शेवटी मनकर्णाबाईंकडं आली. त्यांनी पुंजका बाहेर काढला, नाकाशी नेला, दोन बोटांत चोळला. समोरच्या हातांकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग ताटलीतली लिंबाची फोड उचलून पुंजक्यावर पिळली. तांबडा रंग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

"रगत पिवळं व्हत नसतंय," त्या म्हणाल्या. "ही हळद हाय. हळद न् चुना. माझ्या हातची."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी त्यांच्याकडं सीतादही करतात. रानात दहीभात शिंपडायचा, पहिल्या बोंडांच्या कापसाला कुंकू लावून पुजायचं आणि बरकत यावी म्हणून तो कापूस ढिगाच्या तळाशी ठेवायचा. दरवर्षी त्या दुकानातल्या कुंकवाची चिमूट नुसती वरून टाकायच्या, ती झडून जायची. रसायन औषधालाही नको हा माझा नियम यंदा त्यांनी पूजेलाही लावला. दुकानातलं कुंकू रसायनाचं, म्हणून त्यांनी घरची हळद आणि चुना पाण्यात कालवला आणि कापूस त्यात चांगला बुडवून काढला. नियम आपण सगळ्यांपेक्षा नीट पाळला, याचं त्यांना त्या दिवशी समाधानही वाटलं होतं.

मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. नियम माझा, पाळणाऱ्या त्या, आणि झडती तिसऱ्याच बायकांची.

शेडमध्ये एकदम सुटल्यासारखं झालं. देवाधर्माचं आहे, तिकडचे लोकही समजून घेतील, तसंच कळवून टाका, असं सरिता म्हणाली. कुणीतरी चहा सांगितला. टेबलावरचे हात मात्र अजून तिथंच होते.

"मंग आमचे हात कशापायी बघितले?" लीलाबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

 चहा आला तो कुणी घेतला नाही. शेवटी मनकर्णाबाई म्हणाल्या, "ते चुकलं. लई चुकलं."

मग त्या माझ्याकडं वळल्या. पत्रात माझं नाव घाला, म्हणाल्या. आणि पुढच्या हंगामापासून रानात शिरणाऱ्या प्रत्येकीचे हात बांधावर तपासायचे, मालकिणींचे आधी. तपासणार लीलाबाई. सरितानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मनकर्णाबाईंनी तिच्याकडं नुसतं पाहिलं आणि ते मिटलं.

मी जसं घडलं तसं लिहून पाठवलं. सीतादही इंग्रजीत समजावताना माझी पुरती दमछाक झाली. जपानकडून उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले. त्यांनी आभार मानले होते, पूजा पार पडली याचा आनंद कळवला होता, आणि अजून एक हंगाम पाहू असं लिहिलं होतं. नम्रपणे. म्हणजे मान वाचली होती, पण तलवार टांगलेलीच होती.

दसरा उलटल्यावर पहिल्या वेचणीला मी मुद्दाम गेले. विशाखा दहावी पास होऊन शहरात अकरावीला गेली होती, हे लीलाबाईंनी मला बांधावर पोचताच सांगितलं. त्यांनी टोपी चाचपली नाही. समोर मनकर्णाबाई रानाच्या कोपऱ्यात दहीभात शिंपडत होत्या. पुजलेला कापूस त्यांनी या वेळी फडक्यात वेगळा बांधला, घरच्या देव्हाऱ्यासाठी.

पूजा आटोपून त्या बांधावर आल्या आणि सगळ्यांच्या पुढं उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं सरिता, गटाच्या बाकीच्या बायका, मग टोळी. मनकर्णाबाईंनी हात पुढं केले. लीलाबाईंनी ते आपल्या हातांत घेतले, उलटेपालटे करून पाहिले, एकेक बोट उघडून पाहिलं. कसलीही घाई केली नाही. नखांच्या कडेला कुंकू राहिलं होतं.

"धुऊन या, माई," लीलाबाई म्हणाल्या.

मनकर्णाबाई हौदाकडं गेल्या. त्या परत येईपर्यंत रांगेतली एकही बाई रानात उतरली नाही.