आहे की होती

पंचफुला मॅट्रिक झाली त्या साली अमरावतीच्या एका कॉलेजात नव्या प्राचार्यबाई आल्या होत्या. त्यांनी प्रवेशाच्या अर्जाला एक जास्तीचा कागद जोडला. त्यावर तीन प्रश्न होते आणि वर छापलं होतं, 'इच्छा असल्यास उत्तरे लिहावीत.' पहिले दोन पंचफुलानं एका बैठकीत उरकले. तिसरा होता, 'आपल्या एखाद्या भावंडाविषयी लिहा.'

तिनं लिहिलं, 'माझी मोठी बहीण जमुना हुशार' आणि टाक थांबला. पुढे 'आहे' लिहायचं की 'होती'?

जमुना अकरा वर्षांची असताना सगळे कौंडण्यपूरच्या यात्रेला गेले होते. माय सुंदराबाई वर्धेच्या काठी चूल मांडत होती. जमुना गडवा घेऊन पाण्याला गेली, ती आलीच नाही. गडवा काठावर सापडला, पाण्यानं काठोकाठ भरलेला. नावाडी खालच्या अंगाला धुंडत राहिले, पण नदीनं काही परत दिलं नाही. बाप देवरावनं घरी येऊन पोरीचं दिवसपाणी उरकलं. सुंदराबाई त्या जेवणाला बसली नाही. "भरलेला गडवा काठावर ठेवून कोनी बुडते काय?" असं तिनं विचारलं. पुढे नागपूरला दीक्षा झाली, घरातले देव गेले, नवस गेले. जमुनाची वाट पाहणं तेवढं राहिलं. फक्त तिचं नाव कोणी घेत नसे.

पंचफुलाला पाटीवर अक्षरं जमुनानंच गिरवून दिली होती, मागे बसून, हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवून. आज कागदावर वाकल्याबरोबर तेच ओझं खांद्यावर आलं. मानेवर कोमट श्वास लागला. तिनं वळून पाहिलं. मागे नुसती भिंत, आणि भिंतीवर दुपारचं ऊन.

देवराव जिनिंगमधून आला, तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, होती लिवू काय?"

त्याच्या केसांत कापसाची भुरी होती. तो ती झटकत राहिला. "इच्छा असल्यास म्हन्ते ना थो कागद? आपली इच्छा नाई. कोरा सोड."

"हाये लिव," चुलीपासून सुंदराबाई म्हणाली. भाकर थापणारा हात थांबला नाही. "माह्या पोरीले मारू नको."

"अवं, किती वर्सं झाली!"

"मंग? वर्सं झाले का मानूस मरते काय?"

देवराव उठून बाहेर गेला.

पंचफुलानं आधीची ओळ खोडली आणि लिहिलं, 'माझी मोठी बहीण जमुना हिने मला लिहायला शिकवले. ती यात्रेत दिसेनाशी झाली. ती आहे की होती, हे आमच्या घरी अजून ठरलेले नाही.' शाई वाळली तरी खांदा हलका झाला नाही.

अमरावतीला मुलाखतीत प्राचार्यबाईंनी तो कागद दोनदा वाचला.

"हा प्रश्न सोडला असतास तरी चाललं असतं, बाळ."

"हो, बाई."

"मग का लिहिलंस?"

"सोडला असता तर ती कधी नव्हतीच, असं झालं असतं."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. आठवड्यानं प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं.

वसतिगृहात पोचवायला सुंदराबाई आली. अंगणात न्हालेल्या मुली केस वाळवत बसल्या होत्या. तिनं ट्रंक खाली ठेवली आणि सरळ पहिल्या मुलीजवळ गेली.

"तुयं गाव कोन्तं वं बाई?"

मुलगी 'दर्यापूर' म्हणाली. सुंदराबाईनं तिचे ओले केस बाजूला सारून डाव्या कानामागे पाहिलं. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. मुली आधी हसल्या, मग अंग चोरू लागल्या. जमुनाच्या कानामागे काळा तीळ होता. एकजण घाबरून उठून आत गेली.

पंचफुलाला शरमेनं मरून जावंसं वाटलं. तिनं धावत जाऊन मायचा हात धरला.

"माय, ह्या लहान हायेत," ती हळूच म्हणाली. "ते आता एकवीस वर्सांची असन."

सुंदराबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"मोठ्या पोरी मांगच्या वऱ्हांड्यात रायतात," पंचफुला म्हणाली. "चाल."

ट्रंक अंगणात तशीच ठेवून दोघी मागच्या बाजूला निघाल्या.