ती थांबली तेव्हा

व्हिक्टर मास्तरांनी टेपचं बटण दाबलं आणि बोट वर धरलं.

“ऐक हां. इथे ती विसरते.”

कॅसेटमधली गायिका चढत चढत वर गेली आणि मध्येच थांबली. नाट्यगृहात कुणीतरी खोकलं. क्षणभर नुसतीच वाद्यं. मग तोच आवाज पुन्हा उठला, आधीपेक्षा मोकळा.

“एवढी मोठी गाणारी, भर ऑपेरात विसरली. आणि सावरली. एकटी!”

तारोडी गावातल्या मुलांच्या दोन पिढ्यांना मास्तरांनी ही जागा ऐकवली होती. जहाजावर नोकरीला असलेल्या भावाने इटलीहून आणलेली ही कॅसेट. त्याच गायिकेची स्टुडिओतली, कुठे डाग नसलेली रेकॉर्डिंगंही घरात होती; पण मास्तरांचा जीव या कॅसेटवर.

त्यांच्याकडे गाणं शिकणारी छोटी स्टेफनी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. गेल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत स्तोत्र गाताना ती दुसऱ्या ओळीला अडकली. पोरं हसली, आणि ती रडत बाहेर पळाली.

“मी न्हाय गाणार, मास्तर. ती मोठी बाई हाय.”

अंगणात बोंबील साफ करणाऱ्या मार्सेलिनने तिथूनच नवऱ्याला आवाज दिला, “परत त्या बाईला ओरडायला लावलं का? डोकं उठलंय माझं. कानात घाला ते!”

मास्तरांनी निमूट हेडफोन काढून स्टेफनीला दिले. स्वतः ते कधी लावत नसत; कान भणभणायचे.

स्टेफनीने ती जागा ऐकली. टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली.

“मास्तर, ती एकटी न्हाय.”

“म्हणजे?”

“कोन तरी तिला हळूच ओळ सांगतंय. म्हातारा हाय कोन तरी. मग ती गाते.”

मास्तरांनी हेडफोन लावून डोळे मिटले. तीनदा ऐकलं. खोकला ऐकू आला, वाद्यं ऐकू आली. म्हातारा काही सापडेना.

“नक्की?”

“देवाशप्पत.”

आपल्या नाटकात विंगेत असतो तसा तिकडेही प्रॉम्प्टर असतो, रंगमंचाच्या पुढे, खाली दडून. मास्तरांना हे ठाऊक होतं. कॅसेटचं रिकामं कव्हर ते बराच वेळ हातात फिरवत राहिले.

“आणि मी पोरांना सांगत आलो, एकटी,” ते पुटपुटले.

रविवारी मास्तरांनी नेहमी स्वतः वाजवत तो चर्चचा ऑर्गन आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे, सॅव्हियोकडे सोपवला. स्वतः पुस्तक घेऊन वेदीच्या पायरीशी बुटक्या स्टुलावर बसले. स्टेफनीने एकदा खाली पाहिलं आणि सुरुवात केली. दुसऱ्या ओळीपाशी तिचा आवाज क्षणभर थांबला. मग पुढे निघाला.

संध्याकाळी ती आईचा मोबाइल घेऊन आली. सकाळच्या गाण्याचं त्यातलं रेकॉर्डिंग ऐकायला मार्सेलिन हात पुसत दारात उभी राहिली.

“छान गायलीस गं! पन मधीच हा कोन म्हातारा पुटपुटतोय?”

स्टेफनीने मास्तरांकडे पाहिलं.

मास्तरांनी मोबाइल कानाशी धरला, शेवटपर्यंत ऐकलं आणि तिला परत दिला.

“मला तर बाबा काहीच ऐकू आलं नाही,” ते म्हणाले.