झमकीची परात

आमच्या छोट्या प्राणिसंग्रहालयाचा नवा आराखडा इतका मोठा होता की टेबलावर मावला नाही. आमचे अधीक्षक ओमप्रकाश साहेब यांनी तो कचेरीच्या फरशीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर हजेरीपुस्तकं ठेवली आणि आम्ही सगळे भोवती उकिडवे बसलो. अस्वलाचा पिंजरा पाडायचा. तिथे गवताचं कुरण करायचं, त्यात दहा काळविटं सोडायची आणि लोकांना बघायला उंच सज्जा बांधायचा. आमची अस्वलीण विदर्भातल्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात जाणार आणि काळविटं तिथून येणार.

हिंगोली जिल्ह्यात हरणं बघायला तिकीट काढून कोण येणार, हे काही मला कळलं नाही. शिरड शहापूरला आमच्या रानात ती फुकट येतात आणि वर सोयाबीन खाऊन जातात. पण मी नोंदी ठेवणारी बाई. कोण कुठून आलं, काय खातं, कधी गेलं, एवढं लिहायचं माझं काम. मला कोणी मत विचारलं नाही आणि मीही दिलं नाही.

रखवालदार उत्तमसिंगकाकांना मात्र साहेबांनी विचारलं, कारण अस्वलीण त्यांच्या हाताखालची. त्यांनी एवढंच विचारलं की तिथे तिला उकरायला माती आहे का. साहेब म्हणाले, एकरभर माती आहे, झाडं आहेत, सोबतीला आणखी दोन अस्वलं आहेत. आमच्याकडे होती ती सिमेंटची फरशी आणि एक वाळकं बाभळीचं खोड. काका "मंग बराबर हाय" म्हणून उठून गेले.

तिचं नाव झमकी. अकरा वर्षांपूर्वी सेनगावकडच्या एका कोरड्या विहिरीत सापडली तेव्हा मांजराएवढी होती. बाटलीनं दूध पीत नव्हती, वाटीला तोंड लावत नव्हती. काकांनी तांड्यावरच्या घरून जर्मनची परात आणली, तिच्यात दुधात भाकरी कुस्करली आणि परातीच्या काठावर नखानं दोनदा टिचकी मारली. पिल्लू आलं आणि जेवलं. त्यांच्या मंडळी रूपाबाई त्याच परातीत पीठ मळायच्या. पंधरा दिवस त्यांनी ती परत मागितली, मग नवी घेतली आणि नाद सोडला. तेव्हापासून झमकी दुसऱ्या कशातून जेवली नाही. काठावर तिच्या दातांच्या खुणा होत्या. काकांनी दोन टिचक्या मारल्या की ती कुठेही असो, डुलत डुलत यायची आणि आपल्या नखानं काठ वाजवून जेवायला बसायची.

तिला न्यायचा दिवस ठरला तसे डॉक्टर भुलीची सुई काढून बसले. काकांनी हात जोडून नको म्हटलं. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. अडलेलं जनावर पुढे कसं न्यायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. वाहतुकीचा पिंजरा सोळा दिवस आधी आणून तिच्या दाराला लावला. रोज परात एक वीत आत. सोळाव्या दिवशी झमकी परातीमागोमाग पिंजऱ्याच्या टोकापर्यंत गेली, पोटभर जेवली आणि मागे दार कधी लागलं ते तिला कळलंही नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग कागद. त्यावर एक रकाना असतो, प्राण्यासोबत दिलेलं साहित्य. नेहमीचं खाण्याचं भांडं आणि अंथरुणाचं गवत. मी दोन्हींवर खूण केली. पिंजऱ्यात डोकावून बघितलं नाही. सोळा दिवस परात आतच होती, आता कुठे जाणार? काकांनी खाली सही केली आणि गाडी गेली.

दोन दिवसांनी यंत्र आलं आणि झमकीची आतली खोली पाडली. काका त्या बाजूला फिरकले नाहीत.

पाचव्या दिवशी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. अस्वलीण खात नाही. कोपऱ्यात तोंड घालून बसली आहे, कसंबसं पाणी तेवढं पिते. तुमच्या कागदावर भांडं पाठवल्याची खूण आहे, आमच्याकडे मात्र भांडं नाही, ते कुठे आहे?

माझं डोकं फिरलं. आमची परात हरवायची आणि वर आम्हालाच विचारायचं, असं मी त्यांना फाडकन बोलले. चांगलं झणझणीत बोलले. ते बिचारे म्हणाले, बाई, भांडण नंतर करू, ती आणखी दोन दिवस अशीच राहिली तर हाताला लागणार नाही.

भांड्याचं माप तरी कळवावं, जुनी नोंद सापडते का बघावं, म्हणून मी चाऱ्याच्या खोलीत गेले. खिळ्याला परात टांगलेली होती. राखेनं घासून लख्ख केलेली, काठाला हळद-कुंकू लावलेलं.

मी तिथेच पोत्यावर बसले. काकांचा राग आला, पण कारण कोणाला विचारायची गरज पडली नाही, त्यामुळे तो बाहेर काढायची सोय राहिली नाही. आमच्या घरीही हेच. माझे वडील माणिकराव बैल विकतात तेव्हा दावं सोडून खांद्यावर टाकतात आणि घरी आणतात. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. बैल द्यावा, दावं देऊ नये. दिलं तर दावण रिकामी होते. गावात काय आणि तांड्यावर काय, यात फरक नाही. जनावर काकांच्या हातून जाणार म्हटल्यावर हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. न बघता खूण करणारी मी.

काका वानरांना केळी टाकत होते. मी परात घेऊन समोर उभी राहिले. दार लागल्यावर पलीकडच्या झरोक्यातून त्यांनी ती ओढून घेतली होती. आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हाच. मी त्यांना फोनचं सांगितलं. पाच दिवस, पोटात काही नाही.

केळ्यांची पाटी त्यांनी खाली ठेवली.

"ताई, म्या चोरली न्हाई," ते म्हणाले. "आमच्यात दावं देत न्हाईत. दावं घरी ऱ्हायलं की जनावराचा जीव घराकडं ऱ्हातो, असं माही माय म्हणायची. मला वाटलं, तिचा थोडा जीव इकडं ऱ्हावा."

ते परातीकडे बघत राहिले.

"मंग म्याच तिचा जीव अडकून ठेवला की," ते म्हणाले, आणि तिथेच रडले. साठीला आलेला माणूस वानरांच्या पिंजऱ्यासमोर रडत होता आणि मला त्यांना धीर देता येईना, कारण मलाही ते खरं वाटत होतं.

साहेबांनी आम्हा दोघांना झाडलं, ते योग्यच होतं. तिला परत आणावं म्हटलं तर खोली जमीनदोस्त झालेली. शेवटी त्यांनी कचेरीची जीप दिली. कागद माझा चुकला होता, म्हणून मीही निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो ते दुपारी पोचलो. वाटेत काका दोनदा बोलले. एकदा पाणी मागितलं आणि एकदा विचारलं की आज सहावा दिवस ना.

तिथे झमकीची देखभाल देविदास नावाचा रखवालदार करत होता. तिशीचा असेल. तिच्यापायी त्याचंही जेवण सुटलं होतं, हे तोंडावरच दिसत होतं. काकांना बघून त्याचा जीव भांड्यात पडला. चला, तुम्हीच भरवा, तुम्हाला बघितलं की ती उठेल, म्हणत तो दाराकडे निघाला.

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी दूध मागितलं, घरून बांधून आणलेली रूपाबाईंची भाकरी परातीत कुस्करली, वर गुळाचा खडा फोडला. मग वारा कुठून येतो ते बघितलं आणि भिंतीच्या पलीकडे, तिला वास जाणार नाही अशा बाजूला जाऊन उभे राहिले. परात त्यांनी देविदासच्या हातात दिली. काठावर दोन टिचक्या मारायच्या, जास्त नाही, आणि मग आपण मागे सरायचं, एवढं समजावलं.

देविदासनं मारलेल्या टिचक्या आम्ही भिंतीआडून ऐकल्या. मग काहीच नाही. काकांनी डोळे मिटून घेतले होते. बऱ्याच वेळानं आत गवत सरकलं, पुन्हा थांबलं, आणि मग काठावर नख वाजलं. टण्ण. आणि मागोमाग तो ओळखीचा भुरके मारण्याचा आवाज.

देविदास धावत बाहेर आला. हसत होता, डोळे पुसत होता. म्हणाला, आता तरी तिला भेटून घ्या.

"न्हाई," काका म्हणाले. "मला पाह्यलं की पुन्ना माही वाट पाहीन. म्या दावं दिलं आता. ती तुमची."

जीपजवळ येऊन मी पिशवीतून कागद काढला. भांडं आज मिळालं, अशी एक ओळ खाली वाढवून देविदासची सही घ्यायची, की काम संपलं, असं मी काकांना सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येतं, पण हळू. वरच्या कोपऱ्यात प्राणी दिल्याची तारीख होती, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही बी बदला, ताई. त्या दिवशी म्या दिली न्हवती. झमकी आज गेली."

सरकारी कागदावर अशी खाडाखोड चालत नाही. साहेब पुन्हा झाडतील, हे मला माहीत होतं. मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला, जुन्या तारखेवर आडवी रेघ मारली, आजची लिहिली आणि शेजारी माझी सही केली.